सांडू भावजींचं नाव घातलेलं ताट

गंगापूरहून काल एस.टी.ने आलं ते असं: माझ्या मयत मुलाची, केरबाची, वळकटी, दोन सदरे आणि स्टीलचं एक ताट. गोठा साफ करताना सापडलं म्हणून थोरले दीर सांडू भावजी यांनी पाठवलं. भाडं व हमाली अकरा रुपये, तेही मीच भरले. म्हणून आजच लिहिते.

मी द्वारकाबाई, वय एकोणसाठ, मॅट्रिक पास. सकाळची पूजा उरकून, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्याही धाकाविना माझ्यामागची व्यवस्था लावते.

छावणीजवळचं माझ्या नावावरचं दोन खोल्यांचं घर सून पुतळाचं. भावजींचा निरोप होता, "पोरगी आज हाय, उद्या नाय. घर घराण्यात ऱ्हाऊ द्या." पुतळाला एच.आय.व्ही. आहे, तो केरबाकडून आला. टीबीही झाला, तो हटतो आहे. धर्मादाय दवाखान्यात डॉक्टरीणबाई दोन्ही दुखणी एकाच खोलीत बघतात. म्हणाल्या, "एच.आय.व्ही.वर आज औषध नाही, पण टीबी बरा होतो. टीबीनं मरायचं कारण नाही."

केरबा टीबीनंच मेला. वाळूजच्या कंपनीतून काढल्यावर भावजींनी त्याला गावी नेलं. त्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं. हुकूम होता, "खोकल्याच्या डॉक्टरला रक्ताचं सांगायचं नाय, अन् रक्ताच्याला खोकल्याचं." अर्धा केरबा इकडे दाखवला, अर्धा तिकडे. गेल्या जानेवारीत विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत गाड्या बंद झाल्या, गोळ्या संपल्या. गाड्या सुरू झाल्या तरी भावजींनी त्याला गोठ्याबाहेर पडू दिलं नाही. दारात मुलीच्या लग्नाचा मांडव घातला होता ना.

पोस्टातली शिल्लक पुतळाच्या दूध-अंड्यांना. अंडी माझ्याच चुलीवर उकडली तरी चालतील.

देवाचे टाक पुतळाला. भावजी विटाळाचं बोलले. वर्षभर नैवेद्य तीच दाखवते, खंडोबानं तोंड फिरवलेलं नाही.

तांब्याचा हंडा शेजारच्या केसरबाईंना. त्या नामांतराच्या मोर्च्यात जायच्या, म्हणून भावजी त्यांच्या हातचं पाणी घेत नसत. केरबाला शेवटची आंघोळ घालायला घरचं कोणी पुढे आलं नाही. केसरबाईंची दोन पोरं इथून गावी गेली, त्यांनी घातली.

आता ते ताट. केरबाच्या लग्नातला आहेर, काठावर नाव घातलंय, "सांडू पाटलांकडून सप्रेम भेट". गोठ्यात ह्यातच वाढून काठीनं पुढे सरकवायचे. हे ताट मी भावजींना देते. घासून ठेवलं आहे.

गंगापूरच्या शेतातला माझा हिस्सा भावजी कसतात. केरबाच्या वर्षश्राद्धाला त्यांनी ह्याच ताटात, पुतळाच्या हातचं, साक्षीदारांसमोर जेवावं. जेवले तर हिस्सा त्यांचा. नाही तर तो विकून पैसे दवाखान्याच्या त्या एका खोलीला द्यावेत.

सही: द्वारकाबाई
साक्षीदार: डॉ. सुगंधा साळवे (धर्मादाय दवाखाना), सखाराम गुरव (पुजारी)
औरंगाबाद, १० जानेवारी १९९५

सांडू भावजींस: नक्कल सोबत आहे. जेवायला येणार की नाही, ते उलट टपाली कळवावे. एका माणसाचं अन्न उगाच वाया जायला नको.