वधूपित्याच्या हातात पळी देऊ नये

३ नोव्हेंबर, सोमवार

बुफे म्हणे! चहा पिता पिता ठकीने सांगून टाकलं – रिसेप्शनला बुफे. दोनशे माणसं ताटल्या घेऊन रांगेत उभी राहणार. आणि वधूपिता कोण? तर छत्तीस वर्षं हॉटेलच्या जेवणघरात लोकांना बसवून वाढलेला मी. शिंप्याच्या घरी फाटका पडदा म्हणतात तो हाच.

मी म्हटलं, उभ्याने घोडे खातात. ठकी म्हणाली, घोडे निदान हट्ट तरी करत नाहीत. पोरगी माझीच आहे, शंका नको. हिला विचारलं, तुझं मत काय? ही भांडी पुसत होती. म्हणाली, "माझं काय, मी कशीही जेवते." हिची मदत ही अशी.

५ नोव्हेंबर, बुधवार

बुफेच्या विरोधात मुद्दे काढले. अकरा झाले. गुडघा दुखतोय, तो बारावा.

८ नोव्हेंबर, शनिवार

केटररकडे जाऊन आलो. केटरर म्हणजे आपला चिमट्या. माझ्याच हाताखाली शिकला. पहिल्या दिवशी पाव वाढायला चिमटा दिला, तो संध्याकाळपर्यंत हातातून सोडेना, तेव्हापासून चिमट्या. आता स्वतःची गोदामभर भांडी आहेत, पण मला अजून साहेब म्हणतो. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

त्याने तीन प्रकार सांगितले. एक बुफे. दुसरा – ताट भरून प्रत्येकाच्या पुढ्यात आणून द्यायचं. तिसरा – टेबलाच्या मधोमध मोठे वाडगे ठेवायचे आणि माणसांनी ते आपापसांत फिरवून वाढून घ्यायचं. हल्ली हा तिसरा फार चालतो म्हणे. मी विचारलं, मग वाढपी काय करणार, टाळ्या वाजवणार?

मला दुसराच हवा. इथे लिहून ठेवतो, घरात बोललो तर हसतील. मुख्य टेबल मला स्वतः करायचंय. कोट घालून, डावीकडून, गरम ताट. आजवर किती नवऱ्यामुलींपुढे ताटं ठेवली, मोजदाद नाही. आपल्या पोरीपुढे एकदा ठेवायचंय. एवढंच मागणं आहे माझं.

१० नोव्हेंबर, सोमवार

व्याह्यांचा फोन. त्यांना कसंही चालेल, फक्त दुसऱ्यांदा घेतलं तर कुणी बघू नये. माणूस सरळ आहे. जमेल आमचं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी घरातच रंगीत तालीम घेतली. शेजारपाजारच्या सहा जणांना बोलावलं, खुर्च्याही त्यांच्याच. पांढरा कोट बाहेर काढला. वरची दोन बटणं लागली, खालच्यांनी राजीनामा दिला. पण एका हातावर चार ताटं आणली! शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या. सूप ते गोड, पंचवीस मिनिटांत सहा माणसं तृप्त. बुफेत एवढ्या वेळात चमचा सापडत नाही.

ठकी मात्र स्वयंपाकघराच्या ओट्याकडे बघत होती. तिथे माझं ताट झाकून ठेवलेलं.

"बाबा, तुमचं?" म्हणाली.

मी म्हटलं, वाढणाऱ्याचं नेहमी शेवटी. त्यावर ती उठून गेली. ही सुपाचं पातेलं घासत होती, तिनेही मान वर केली नाही. एवढा जिंकलो आणि घरात कौतुक शून्य. घर की मुर्गी वगैरे म्हणतात ते आता पटलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आजचं लिहू नये असं वाटतं. तरी लिहितो.

चिमट्याकडे माणसांचा आकडा द्यायला गेलो. तो भांडी मोजायला आत गेला होता. टेबलावर आमच्या ऑर्डरचा कागद. खाली ठकीचं अक्षर – खास सूचना. वधूपित्याच्या हातात पळी देऊ नये. मागितली तरी देऊ नये. रागावले तरी देऊ नये. खाली दोन रेघा.

स्टुलावर बसलो. 

तर असं आहे. तिच्या ऑफिसातले येणार, तिचे साहेब येणार, आणि नवरीचा बाप हातावर फडकं टाकून फिरणार – लाज वाटली असेल पोरीला. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय हिनेच ठळक अक्षरांत लिहिला होता, 'मुख्य वाढपी'. बाईंनी वेटर लिही म्हटलं तर भांडली होती. तीच ही.

घरी आलो. हिने विचारलं, काय झालं? गुडघा, म्हटलं. बिचाऱ्या गुडघ्यावर किती ढकलायचं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बुफे तर बुफे. सांगून टाकलं. ठकी संशयाने बघत राहिली.

२३ नोव्हेंबर, रविवार

तीन दिवस तोंडाला कुलूप. आज राहवलं नाही. ठकी मोजे घडी करत होती. सरळ विचारलं, तुला माझी लाज वाटते ना? कागद बघितलाय मी.

आधी तिला कळेचना. मग हातातला मोजा फेकून मारला मला. नेम चांगला आहे.

"लाज? बाबा, मी अठ्ठावीस वर्षांची झाले. तुम्हाला बसून जेवताना मी पाहिलेलंच नाही! माझ्या वाढदिवसाला उभे, पाहुणे आले की उभे, परवा तालमीलाही उभे. टेबलावर वाढायचं ठरलं की तुम्ही पळी घेणार, आणि माझ्या लग्नाचं जेवणही गार करून एकटे खाणार. म्हणून बुफे. रांगेत उभे राहिलात की स्वतःचं ताट भरावंच लागेल. आणि मग माझ्या शेजारी बसाल."

  गॅलरीत जाऊन चष्मा पुसत बसलो, तो काही केल्या स्वच्छ होईना.

गाढव आहे मी, पक्का गाढव. छत्तीस वर्षं गिऱ्हाइकाच्या भुवईवरून ओळखायचो मीठ कमी पडलंय की जास्त. आणि घरच्या पोरीचं मन ओळखता आलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

तह झाला. वाडगे! माणसं बसून जेवणार, हे माझं. मीही बसणार, हे तिचं. पळी प्रत्येक टेबलावर सगळ्यांची, म्हणजे कागदावरची अट मोडली असं कुणाला म्हणता येणार नाही. चिमट्याला फोन केला. तो म्हणाला, साहेब, पहिल्या दिवशीच सांगत होतो. आणि काळजी नको, वाढपी टाळ्या वाजवतील. आगाऊ आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार

नवा कोट. सगळी बटणं लागतात. श्वास मात्र बेताने घ्यायचा.

१४ डिसेंबर, रविवार

झालं! कसं लिहू?

मुख्य टेबलावर बसलो. हात शिवशिवत होते. पलीकडच्या टेबलावर पाणी संपलं – उठलो. ठकीने कोट धरून खाली बसवलं. कुणाचा चमचा पडला – उठलो. पुन्हा कोट. असं चार वेळा, शेवटी जावईबापूंनीही दुसरी बाजू धरली. व्याह्यांनी तीनदा घेतलं आणि वाडगा दर वेळी माझ्याकडे सरकवला, म्हणाले, बघणारे आपण दोघेच!

मग ठकीने स्वतः माझ्या ताटात भात वाढला. उजवीकडून. चुकीच्या बाजूने, तेही पळी काठोकाठ भरून, चार शितं माझ्या बाहीवर. एक शब्द बोललो नाही. भात वाफाळत होता. गरम भाताची चव वेगळी असते, विसरलोच होतो मी. दोनदा घेतला. खरं तर तीनदा.

ही मध्येच कुठे उठून गेली होती, पाहुण्यांत असेल. तिला सांगायचं राहिलंच की आज मी पोटभर आणि वेळेवर जेवलो.

१७ डिसेंबर, बुधवार

ठकीचा फोन. जेवलात का, बसून का, एवढंच विचारलं. हो म्हटलं, आणि ते खरंही होतं.

२२ डिसेंबर, सोमवार

फोटो आले. मुख्य टेबलाचे सतरा. सगळ्यांत माझं तोंड भरलेलं, उजवीकडे ठकी हसतेय. डावीकडची खुर्ची सतराच्या सतरा फोटोंत रिकामी. ती हिची होती.

हिला विचारलं, तू कुठे होतीस? म्हणाली, "मागे. चिमट्याच्या माणसांना कुणी जेवायला बसवलंच नव्हतं, त्यांना वाढत होते." मग तू कधी जेवलीस? तर म्हणाली, "घरी आल्यावर. नेहमीसारखी."

नेहमीसारखी. इतकी वर्षं माझ्या ताटावर ही झाकण ठेवत आली, आणि हिचं ताट कुठे असतं ते मी एकदाही विचारलं नाही.

आत्ता टेबलावर दोन ताटं मांडलीत, वाडगे मधोमध. पळी माझ्याकडे आहे. हिने मागितली तरी द्यायची नाही.