बाबांच्या फोनातलं सिम

बाबा,

तुमी संत्र्याच्या बगीच्यात गेले तवा तुमचा फोन चार्जिंगले होता. त्यातलं सिम मी काढून नेलं अन् माहं त्यात टाकलं. चिडसान, मले मालूम आहे. पण लडाखात आपल्याकडचं प्रीपेड चालतच नाही, हे आमच्या ट्रेकच्या लीडरनं कालच सांगितलं. घरात पोस्टपेड एकट्या तुमचं. मागून घेतलं असतं, पण पहाडावर जाऊन राहिली म्हटलं तवापासून आठ दिवस तुमी माह्याशी बोलूनच नाही राहिले.

माह्या सिमवर महिन्याचा रिचार्ज मारला आहे. संत्र्याच्या व्यापाऱ्यायचे फोन आता मले येतीन, त्यायले तुमच्या फोनातला माहा नंबर देईन.

शेवटच्या गावाच्या वर बारा दिवस कोणताच फोन लागत नाही. ‘बंद आहे’ आयकू आलं तर आईले घाबरवू नका, अन् तुमीबी घाबरू नका. बावीस तारखेले दुपारून मी खाली उतरीन.

माहा नंबर तुमाले कधी पाठ झाला नाही. आता गरजबी नाही. त्या दिवशी तुमचा सोताचाच नंबर लावा, मी उचलीन.

बोलाचं नसन तर बोलू नका. पण लावा.

आकांक्षा