चौथा खुलासा

३ मार्च
चि. भाऊस,
ताईचे अनेक आशीर्वाद.
सगळे बरे आहोत, हे आपलं लिहायचं म्हणून लिहिते. मंगळवारी संध्याकाळी मागच्या मैदानात आभाळातून काहीतरी धाडकन पडलं. चकचकीत, गोल, भोवती पांढरा फेस. तुझ्या भावोजींनी गच्चीवरून ते गरगरत येताना पाहिलं. तासाभरात सरकारी ट्रक आला, ते ताडपत्रीत गुंडाळून घेऊन गेला. तेव्हापासून घरात उडत्या तबकडीशिवाय विषय नाही.
आणि तुमचं माहिती खातं पेपरात छापतं की हवामानाचा फुगा पडला! अरे, फुग्याने कुंपणाचे लोखंडी खांब वाकतात का? खुलासे तूच लिहितोस ना, मग जरा डोकं लावून लिही. इथे लोक ह्यांना वेड्यात काढतायत.
पोटभर जेवत जा आणि बहिणीला विसरू नकोस.
तुझी ताई

८ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
फुगा माझा नाही, साहेबांचा. काय पडलं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण काहीतरी छापणं भाग होतं. तक्रारी आल्यावर त्यांनी उल्का सांगितली. त्यावरही लोक हसले, तेव्हा उन्हाची तिरीप. तिरीप ट्रकमध्ये कशी भरली, असं मी विचारलं, तर साहेबांनी चष्मा पुसायला घेतला.
भावोजींना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका.
रागावलीस तरी चालेल, पण पत्र धाड.
तुझा भाऊ

१४ मार्च
चि. भाऊस, आशीर्वाद.
हे पत्र वाचून फाडून टाक. ह्यांनी तो फेस बरणीत भरून आणला होता. मी गंमत म्हणून थोडा त्यांच्या सदऱ्याच्या कॉलरला लावला. कॉलर नवी कोरी! म्हणजे साबणच की रे. मग मी मैदानापलीकडच्या सरकारी धुलाईखान्यात गेले. तिथली इस्त्रीवाली म्हणाली, त्या मंगळवारी वाफेच्या मोठ्या टाकीचं झाकण उडालं आणि व्यवस्थापकाने सगळ्यांना गप्प बसवलंय.
पण तू हे छापू नकोस. निवृत्त झाल्यापासून हे भिंतीकडे तोंड करून बसायचे. दाढी नाही, बोलणं नाही. त्यांना एकटं सोडून बाजारात जायची मला भीती वाटायची. आता सकाळीच दाढी करून तयार असतात, आलेल्यागेलेल्याला खांब दाखवतात, भांडतात, दोन घास जास्त खातात. लोक हसले तर हसू देत. झाकणाचं कळलं तर हा माणूस पुन्हा त्या भिंतीकडे वळेल रे.
एवढं माझं ऐक.
तुझी ताई

१९ मार्च
ती. ताईस, सा. न.
घात झाला. व्यवस्थापकाने स्वतःच कबुली दिली. हातात एकदाचं खरं काहीतरी आलं म्हणून साहेब इतके खूश, की काही केल्या ऐकेनात. तुझ्या हातात हे पत्र पडेल त्याच दिवशी खुलासा छापून येईल. नळ बंद राहण्याच्या सूचनेखाली बारीक अक्षरात घातलाय, माझ्याच्याने तेवढंच झालं. पेपर लपव. मला फार वाईट वाटतंय.
तुझा भाऊ

२३ मार्च
चि. भाऊस, आशीर्वाद.
पेपर मी गादीखाली घातला, तर शेजारचे मास्तर स्वतःचा घेऊन दारात हजर! ह्यांनी उभ्यानेच वाचला. मी खुर्ची पुढे ओढली. आणि मग हे असे हसत सुटले, की खुर्ची धरून बसावं लागलं. म्हणाले, फुगा झाला, उल्का झाली, तिरीप झाली, आता म्हणे धुलाईखान्याचं झाकण! सरकारची पार अक्कल संपली!
मास्तर कालपर्यंत टिंगल करत होते, त्यांनाही पटलं. इतकी बावळट थाप मारतात म्हणजे नक्कीच काहीतरी दडवतायत, असं आता अख्खी गल्ली म्हणते. बिचारी इस्त्रीवाली शपथेवर खरं सांगायला आली, तर तिला चहा पाजून विचारलं की सरकारने किती दिले. ह्यांना हसताना पाहून मला मात्र रडू आलं. किती दिवसांनी हसले रे!
त्यांना तुझी फार दया येते. पोटासाठी पोराला काय काय लिहावं लागतं, म्हणतात. सुट्टी काढून ये, खरं काय पडलं ते हे तुला समजावून सांगणार आहेत. शेवटपर्यंत ऐक, मान डोलाव आणि साबणाचा स काढलास तर बहीण मेली समज.
वाट बघते.
तुझी ताई