खापरपणजोबांचा पलटणीतला नंबर

गुरुजी, तुम्ही जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी ही बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटली. आमचे खापरपणजोबा सापडले. ऑस्ट्रेलियात.

सातवीत तुम्ही घरातल्या जुन्या माणसावर निबंध लिहायला सांगितला होतात. मी ठोकून दिलं, की खापरपणजोबा इंग्रजांच्या पलटणीतून ऑस्ट्रेलियात गेले आणि तिथे मोठी लढाई लढले. सगळा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत, पण सगळ्यांसमोर मला झापलंत. "लढाई तू पाहिलीस? मग 'घरी असं सांगतात' असं लिहायला काय झालं?" मी रडकुंडीला आलो. आणि संध्याकाळी बघतो तर तुम्ही आमच्या पडवीत. आईने पत्र्याच्या पेटीतून त्यांचा पलटणीतून सुटल्याचा कागद काढला. चष्मा कपाळावर सरकवून तुम्ही तो नाकाशी धरता, झिजलेलं इंग्रजी एकेक अक्षर लावत नाव, पलटण, नंबर कोऱ्या वहीत उतरवता आणि वही माझ्या हातात देता. "कागद टिकायचा नाही. ही जप." दोन वर्षांत वाळवीने त्या कागदाचा भुगा केला.

मी इथे सौदीत रास तनुराच्या रिफायनरीत पाइप फिटर आहे. गेल्या शटडाऊनला, दुरुस्तीसाठी रिफायनरी बंद होती तेव्हा, वेल्डिंगचे जोड तपासायला एक ऑस्ट्रेलियन इंजिनिअर आला होता. दुपारच्या नमाजाच्या सुट्टीत चहा पिताना तो सांगू लागला, त्याचा कुणी पूर्वज गोरा शिपाई म्हणून ऑस्ट्रेलियात गेलेला, त्याचा तो माग काढतोय. मी म्हटलं, "आमचेही एक गेले होते. घरी असं सांगतात." तो एवढंच म्हणाला, "नंबर आहे?"

पुतण्याने गावाहून वहीच्या पानाचा फोटो पाठवला. तीन आठवड्यांनी त्या इंजिनिअरने मोबाईल माझ्यासमोर धरला. तिथल्या इस्पितळाची जुनी नोंदवही होती. नाव वेडंवाकडं लिहिलेलं, पण पलटण तीच, नंबर तोच. कुठल्याशा समारंभात संचलन करायला हिंदी शिपाई नेले होते. आमचे बोटीवरच तापाने आडवे झाले, सगळा मुक्काम खाटेवर काढला आणि परतीच्या बोटीत बसले. लढाई सोडाच, संचलनही नशिबी नव्हतं.

आईला हे कसं सांगायचं, याची मला धास्ती होती. प्रत्येक नातवंडाला तिने ती लढाई सांगितली आहे. शुक्रवारी फोनवर सगळं सांगून टाकलं.

"बरे होऊन आले ना घरी?"

"आले."

"मग झालं तर. तेव्हा लग्न व्हायचं होतं त्यांचं."

त्या संध्याकाळी तुम्ही आमच्याकडे आला नसतात, तर हा माणूस मला कधीच भेटला नसता. हे तुम्हाला समोर बसून सांगायला हवं होतं.

एक मात्र कबूल करतो. तुम्ही अंथरुणाला खिळलात त्या वर्षी मी सुट्टीवर आलो होतो. रिक्षा तुमच्या दारावरून गेली, मी थांबवली नाही. मी इतिहास शिकावा असं तुम्हाला वाटायचं आणि मी फिटर झालो होतो, म्हणून लाजलो.