संबंधित अधिकाऱ्याविरुद्ध चाळीस तास

३ मार्च
कॉलेजचं पत्र आलं. सामाजिक न्यायाची कायद्याची पदवी, फ्लेक्सिबल कोर्स, कमाल मुदत सहा वर्षं. माझी ३० एप्रिलला संपते. पेपर सगळे सुटले (दोन तिसऱ्या फेरीत, पण सुटले). राहिले ते चाळीस तास मोफत कायदा-सल्ला. एक पक्षकार घ्यायचा, त्याचं गाऱ्हाणं तडीस न्यायचं, शेवटी त्याची सही आणायची. नाहीतर नोंदणी रद्द आणि सहा वर्षं पाण्यात.
माहितीपत्रकावर 'फ्लेक्सिबल' हा शब्द तळहाताएवढा, मुदत मात्र मुंगीएवढ्या अक्षरात. ही शुद्ध फसवणूक आहे.
संकल्प: उद्यापासून पाचला उठणे.

४ मार्च, सकाळी ८.२०
उठलो. गजर सौ.ने बंद केला असणार. ती म्हणते, मीच बंद केला आणि वर तिच्यावर ओरडलो. पुरावा काही नाही.

७ मार्च
कॉलेजला अकरा पानी निवेदन नेऊन दिलं. सक्तीने करायला लावलेला सामाजिक न्याय हाच मुळात अन्याय आहे, असा मुद्दा. तिथल्या कारकुनाने वाचलंसुद्धा नाही. म्हणाला, साध्या कागदावर चालत नाही, सात नंबरचा फॉर्म लागतो. तो संपलाय. कधी येईल ते संबंधितांना विचारा.
असल्या माणसांना खुर्चीत बसवतं कोण? लोकांचे कागद अडवायचे आणि वर तोंड करून बोलायचं! घरी येईपर्यंत डोकं तापलेलं. सौ.ने जेवायला वाढू का विचारलं, तिलाही दोन शब्द ऐकवले.

८ मार्च, ऑफिस
टेबलावर रजेचे आणि पाळी बदलण्याचे एकोणीस अर्ज. यांचं काय करायचं, असं मुकादम विचारत होता. सांगितलं, मी सध्या न्यायाचा अभ्यास करतोय, जे काय ते ३० एप्रिलनंतर. सगळे ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. अभ्यासाला मन एकाग्र हवं.

१४ मार्च
कायदा-सल्ला केंद्र म्हणजे लायब्ररीमागची खोली. एक लोखंडी टेबल, तीन खुर्च्या, त्यातली एक डुगडुगती. ती मला. केंद्राच्या बाई माझ्या निम्म्या वयाच्या. म्हणाल्या, आधी तासभर नुसतं ऐकायचं, नाव-गाव, कागदपत्रं सगळं विचारायचं, मगच लिहायला घ्यायचं. मला शिकवतायत! अठ्ठावीस वर्षं लोकांचं ऐकतोय मी.
घरी हे सांगितलं. सौ. म्हणाली, कोणाचं? उत्तर देण्याच्या लायकीचा प्रश्न नव्हता.

२१ मार्च
पक्षकार मिळाली. सफाईचं काम करते, ठेकेदाराच्या हाताखाली. पहाटे सहा ते दहा एका ऑफिसात, पुढे दुसऱ्या इमारतीत. आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, सकाळी सातला. शेजारीण नेते, पण तीही आता कंटाळली. सकाळऐवजी दुपारची पाळी द्या म्हणून अर्ज केला, त्याला तीन महिने झाले. कुठल्याशा साहेबाकडे अडकलाय. त्याला हिने पाहिलेलंही नाही. हा साडेदहाला उगवतो, ही दहाला गेलेली असते. ओळख काय ती टेबलाशी. खाली रोज शेंगांची टरफलं, वर कायद्याची जाडजूड पुस्तकं.
अंगाचा तिळपापड झाला. कायदा वाचतो आणि गरिबाचा अर्ज दाबून बसतो! शेंगा मीही खातो, पण म्हणून माणुसकी सोडलेली नाही.
ऑफिस कुठलं ते ती सांगायला लागली. मी थांबवलं. म्हटलं, बाई, ऑफिस कुठलंही असो, वृत्ती एकच.

२८ मार्च
अर्ज लिहिला. अर्ज कसला, आसूड! ठेकेदाराला मूळ, त्याच्याचमार्फत प्रत 'संबंधित कार्यालयप्रमुखांस'. मागण्या: संबंधित अधिकाऱ्याकडून सात दिवसांत लेखी खुलासा, खातेनिहाय चौकशी, बढती रोखणे. एक पळवाट ठेवली नाही.
केंद्राच्या बाईंनी विचारलं, अधिकाऱ्याचं नाव कुठंय, माहिती तपासली का? म्हटलं, 'संबंधित' लिहिलं की सगळे येतात.
पक्षकाराला वाचून दाखवला. तिने डोळ्याला पदर लावला. म्हणाली, आजवर माझ्यासाठी इतकं कोणी चिडलं नव्हतं. मलाही भरून आलं. हे लिहायला लाज कसली?

९ एप्रिल
तास झाले एकतीस. आज पक्षकार उशिरा आली. शेजारणीला जमलं नाही म्हणून आई एकटीच निघाली आणि जिन्यात पडली. मनगट मोडलं. ही तेव्हा त्या हरामखोराच्या टेबलाखाली झाडत होती.
तिथेच स्मरणपत्र लिहिलं. 'सदर अधिकाऱ्यास आई नसावी' असं वाक्य घातलं. बाईंनी ते काढायला लावलं. मी पाठवताना पुन्हा घातलं.

१६ एप्रिल, ऑफिस, दुपारी ४
मोठ्या साहेबांनी बोलावून मेमो दिला. सोबत तक्रारीची प्रत. दोन ओळी वाचल्या आणि कोणीतरी आपला मजकूर चोरला म्हणून भडकलो. मग खाली पक्षकाराचं नाव दिसलं.
जागेवर येऊन ड्रॉवर उघडला. वरून सातवा अर्ज. तिचाच.

१७ एप्रिल
मेमोला उत्तर लिहायला बसलो. सहा कागद फाडले. कुठून शिरायला फटच नाही. आईचं वाक्य तर फारच लागलं.
केंद्राच्या बाईंना फोन केला. म्हणाल्या, स्वतःविरुद्धच्या प्रकरणात सल्लागार होता येत नाही. तास शून्य. नियम आहे. नियम म्हणे! सहा वर्षं एका शब्दात खलास.
सौ. म्हणाली, आधी त्या बाईच्या अर्जावर सही करा. हिला कायदा कळत नाही. आता सही करणं म्हणजे चूक कबूल करणं. त्यापेक्षा पक्षकाराने तक्रार मागे घेतली तर मेमो आपोआप पडतो. उद्या सहाला तिला ऑफिसातच गाठायचं.

१८ एप्रिल
पाचला उठलो. गजराच्या आधी.
सहा वाजता तिसऱ्या मजल्यावर ती माझ्याच टेबलाखाली वाकून झाडत होती. मला पाहून उभीच राहिली. म्हणाली, साहेब, माझ्यासाठी एवढ्या पहाटे आलात?
पाय दुखत होते म्हणून खुर्चीकडे वळलो. तिने हाताला धरून थांबवलं. ती त्यांची खुर्ची आहे, उगाच तुमच्यावर बालंट यायचं, असं म्हणाली आणि भेटायला येणाऱ्यांसाठीचं स्टूल पुसून दिलं. बसलो. या स्टुलावर मी कधी बसलो नव्हतो. फार बुटकं आहे. इथून टेबलावरचं काही दिसत नाही.
झाडता झाडता ती आईचं सांगत होती. प्लास्टर अजून महिनाभर. मी तक्रारीचा विषय काढणार होतो. दोनदा घसा खाकरला. तिने पाणी आणून दिलं.
दहाला निघताना म्हणाली, मला थांबता येत नाही, पण तुम्ही थांबा, साडेदहाला येतात ते. भांडू नका. माझ्या वतीने एवढंच विचारा की अर्ज निदान वाचला तरी होता का.
ती गेली. मी स्टुलावरच होतो.
वाचला नव्हता.