वरच्या काकांचे गुडघे

मंगळवार, संध्याकाळ

वकीलबाईंनी आज एकच विचारलं, "वडिलांनी मृत्युपत्रावर सही केली, तेव्हा साक्षीदार समोर होते का?"

नव्हते. वरच्या मजल्यावरच्या काकांचे गुडघे दुखतात, म्हणून बाबांची सही झाल्यावर मीच कागद वर नेला. काका-काकूंनी चहा पिता पिता सह्या केल्या.

"मग हे टिकणं अवघड आहे."

म्हणजे बाबांनी मला दिलेलं हे घर आता दादाबरोबर वाटायचं. म्हणजे विकायचंच.

काकांना विचारलं, सही बघितली म्हणाल का? "बाळ, कोर्टात खोटं कसं बोलू?" बरोबरच आहे त्यांचं. पण ते गुडघे... एकच तर मजला होता. बाबा तेव्हा म्हणालेही होते, "त्यांना खाली बोलाव." मीच म्हटलं, कशाला उगाच त्रास.