आप्पांनी पाय उचलले

अहो,

मघाशी फोनवर मी 'ठणठणीत आहे' म्हणाले, पण तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. सारखी नाडीच बघतेय.

काल दुपारी छाती पुन्हा धडधडायला लागली. घरात मी आणि तुमचे आप्पा, दोघंच. दवाखान्यातल्या शमशाद सिस्टरनं शिकवलं तसं दट्ट्या हलेपर्यंत सिरिंजमध्ये फुंकलं. पण त्यानंतर लगेच आडवं करून माझे पाय वर धरायचे, हे तिनं तुम्हाला शिकवलं होतं. आणि तुम्ही पुण्यात!

ती शिकवत होती तेव्हा आप्पा दवाखान्याच्या दारात तोंड फिरवून उभे होते. घरातसुद्धा खोकल्याशिवाय आत न येणारा माणूस. काल न खोकताच आले. "सूनबाई, माफ कर," म्हणाले आणि डोळे मिटून माझे पाय उचलले. छातीत एक धक्का बसला आणि ठोके ठिकाणावर आले.

आज सकाळी मी पाया पडायला वाकले, तर आप्पा मागं सरकले. "आता नको. फिट्टंफाट झाली."

मांडीतून हृदयापर्यंत तार घालून हे कायमचं थांबवायची तारीख तुम्ही सुट्टीपायी किती वेळा ढकलली! सोमवारी आप्पाच मला कन्नडहून एसटीनं संभाजीनगरला नेणार आहेत. ऑपरेशनच्या कागदावर सही कोण करणार, मी विचारलं. म्हणाले, "बाप म्हून मी करीन."

हे पत्र मी टाकणार नाही. वाचून तुम्ही धावत याल, आणि आप्पांना पुन्हा दारात उभं राहावं लागंल.

उज्ज्वला